इच्छाधारी पात्रासाठी कोणता विषारी साप योग्य ठरेल?

प्रश्न (कथाकार):
मी एक दीर्घकथा लिहीत असून तिची नायिका रत्नागिरीजवळच्या एका खेड्यातली आहे. तिला मनात येईल तेव्हा विषारी साप होता येते. नागमणी आणि शंभर वर्षांची तपश्चर्या ही नेहमीची सामग्री मला नको आहे. तिने नागच व्हावे, की दुसरा एखादा साप? साप झाल्यावर तिला माणसाची स्मृती आणि बुद्धी राहू द्यावी का? शक्तीला मर्यादा नसेल, तर दुसऱ्याच प्रकरणात सगळे शत्रू संपतात, ही माझी खरी अडचण आहे.

उत्तर (पोथीवाचक):
महाभारताच्या आदिपर्वातला तक्षक नाग पाहावा. परीक्षिताला दंश करण्यासाठी तो इतर नागांना तपस्व्यांच्या वेषात फळे घेऊन पाठवतो आणि स्वतः फळातला किडा होऊन राजापर्यंत पोहोचतो. वाटेत भेटलेला काश्यप विष उतरवू शकतो हे कळल्यावर, तक्षक त्याला धन देऊन परत पाठवतो. ज्याच्या विषाने वटवृक्ष भस्म होतो, त्यालाही घरात शिरण्यासाठी युक्ती आणि वैद्याला दूर ठेवण्यासाठी पैसा लागतो. आपल्या कथेला हवी असलेली मर्यादा इथेच सापडते. स्मृतीविषयी म्हणाल, तर अगस्त्यांच्या शापाने अजगर झालेल्या नहुषाला पूर्वजन्मही आठवतो आणि तो युधिष्ठिराशी धर्मचर्चाही करतो. अर्थात अजगर बिनविषारी, त्यामुळे आपल्या उपयोगाचा तेवढाच भाग.

उत्तर (सर्पमित्र):
कोकणातली कथा असेल, तर फुरसे सोडून नागाकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही. सड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारावरच्या, दगडांखाली सहज लपणारा हा लहानसा साप डिवचला की अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतो. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. परंतु माणूस तत्काळ कोसळत नाही, आणि वेळेत रुग्णालयात पोहोचून प्रतिसर्पविष मिळाले तर बहुधा वाचतो. झोपलेल्या शत्रूला नकळत दंश करायचा असेल, तर निशाचर मण्यार अधिक योग्य, कारण तिच्या दंशाच्या जागी वेदना फारशी होत नाही आणि पुढे श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. घोणस मात्र कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकून आधीच सावध करते.

मर्यादा सापाच्या शरीरातच आहेत. विषग्रंथी रिकाम्या झाल्या की पुन्हा भरायला अनेक दिवस लागतात आणि काही दंशांत विष उतरतच नाही. बाह्यकर्ण नसल्याने तिला माळ्यावरून माणसांची कुजबुज ऐकता येणार नाही. जमिनीची कंपने मात्र उत्तम कळतील. कात टाकण्यापूर्वी डोळ्यांवरचे आवरण धुरकट होऊन तिला काही दिवस नीट दिसणार नाही. शत्रूला हे दिवस ओळखता आले, तर आपले एक प्रकरण सहज उभे राहील.

उत्तर (जुना वाचक):
पन्नास किलोच्या बाईचे वजन वीतभर फुरशात कुठे जाते, याचा खुलासा करू नये. वाचक तेवढे मान्य करतो. कपड्यांचा प्रश्न मात्र पहिल्याच रूपांतरात सोडवावा. वस्त्रे मागेच राहत असतील, तर परतताना तिला ठरलेल्या जागी यावे लागेल आणि तिथे लुगडे ठेवणारे विश्वासाचे कोणीतरी लागेल. ते पात्र आपल्या आराखड्यात अजून दिसत नाही.