स्प्लेंडरचं क्लच कव्हर तडकलंय, कशाने चिकटवू?

मंडळी, बाबांची २००३ ची स्प्लेंडर आता मी चालवतो. गेल्या आठवड्यात आंबोली घाटात शेवाळावर घसरलो. मला खरचटण्यावर भागलं, पण ब्रेकचं पायडल वाकून क्लच कव्हरवर (इंजिनच्या बाजूचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण) बसलं आणि किकच्या खाली दोनेक इंचांचा तडा गेला. ऑइल ठिबकतंय. वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने पेट्रोलने पुसून वरून एम-सील थापलं, ते चाळीस किलोमीटरवर पापुद्र्यासारखं सुटलं. नवं कव्हर मिळतं, पण हे बाबा दर दिवाळीला हाताने घासून चकचकीत करायचे. टाकवत नाही. अ‍ॅराल्डाइट चालेल का?

उत्तर १
फेविक्विक टाकून वर खायचा सोडा भुरभुरा. माझं मडगार्ड दोन वर्षं टिकलंय.

उत्तर २
मडगार्ड प्लास्टिकचं असेल, तिथे ठीक. इथे गरम ऑइल आहे, फेविक्विक टिकणार नाही.

मी भोसरीत फिटर आहे. भाऊ, तुमचं एम-सील सुटलं ते तेलामुळे. पेट्रोल वाळलं तरी तेलकट थर मागे ठेवतं. शिवाय ओतीव अ‍ॅल्युमिनियम तेल पिऊन बसतं.

ऑइल काढून कव्हर उतरवा, किकचा ऑइल सीलही (तेल अडवणारी रबरी रिंग) काढा. बाहेरून खडू फासा, आतून रॉकेल लावा. खडू जिथवर ओला होईल तिथवर तडा, डोळ्याला दिसतो त्यापेक्षा बहुधा लांबच. दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर तो पुढे सरकत राहतो. मग साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, वाळवून मंद आचेवर तापवा. घामासारखं तेल बाहेर येईल. ते पुसत राहा. गार झाल्यावर आतली बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा आणि गॅसपासून लांब, थिनरने पुसा. पाण्याचा थेंब टाकून बघा: पसरला तर साफ, गोळी होऊन बसला तर पुन्हा पुसा. नीट वाळवून लगेच चिकटवा, कारण अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड पुन्हा चढतो.

साधं अ‍ॅराल्डाइट इंजिनच्या उष्णतेत मऊ पडतं. धातूची पूड असलेलं इपॉक्सी (दोन ट्यूबांचं मिसळून लावायचं गोंद) घ्या, जे-बी वेल्डचं मूळ, सावकाश सुकणारं, झटपटवालं नको. दोन्ही ट्यूबमधून सारखं घ्या, रंग एकजीव होईपर्यंत घोटा. भोकं भरा आणि आतून पातळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवा, तीही खरवडून. पट्टी आत क्लचला घासणार नाही हे आधी तपासा. आतून लावल्याने बाबांची चकाकीही जाणार नाही. चोवीस तास हात लावू नका. पावसाळी हवेत मी दोन दिवस ठेवतो.

तडा बोल्टच्या भोकात किंवा गॅस्केटच्या (कव्हर आणि इंजिनमधली तेल अडवणारी पातळ चकती) कडेला गेला असेल तर मात्र चिकटवू नका. आणि फूटरेस्ट, ब्रेक, हँडल यांना गोंद कधीच नाही!

उत्तर ३
तसं असेल तर आर्गन वेल्डिंग करा. नंतर कव्हर काचेवर पालथं ठेवून बघा. उष्णतेने वाकलं असेल तर कडेने हलेल.

प्रश्नकर्ता
दादा, खडूची युक्ती केली. तडा दोन नाही, तीन इंच निघाला, पण बोल्टपासून लांब आहे. थेंब दोनदा गोळी झाला, तिसऱ्यांदा पसरला. रविवारी नवं गॅस्केट टाकून कव्हर बसवलं, आज गगनबावड्याला जाऊन आलो. खाली पुठ्ठा ठेवलाय, अजून कोरडा आहे.

वाकलेलं पायडल नवीनच घेतलं.