डीजीसीएचं इन्स्ट्रक्टर रेटिंग अमेरिकेत चालतं का? (नाशिकहून डॅलसला जातेय)

ढगातली_नाशिककर
नमस्कार मंडळी, इथे कोणी फ्लाइंगमधलं असेल तर प्लीज सांगा. माझ्याकडे डीजीसीएचं (आपल्याकडचं विमान वाहतूक खातं) सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स आहे, दीड वर्षापासून असिस्टंट इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवतेय, टोटल ६४० तास, बहुतेक सगळे सेसना १७२ वरचे. डिसेंबरात लग्न झालं, नवरा डॅलसला एच-वन-बीवर आहे आणि मी जूनमध्ये एच-फोरवर (त्याच्या बायकोचा व्हिसा) जातेय. माझं रेटिंग तिकडच्या सीएफआयमध्ये (तिथलं इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट) कन्व्हर्ट होतं का, म्हणजे फॉर्म आणि फी भरून काम होतं की परत परीक्षा? सासूबाईंनी अर्ध्या कॉलेज रोडला सांगून टाकलंय की सून अमेरिकेत विमान शिकवणार, त्यामुळे जरा घाईत विचारतेय.

ओझरचा_पोऱ्या
ताई, स्पष्टच सांगतो, राग मानू नका. कन्व्हर्ट होत नाही. मीपण इंडियन सीपीएल घेऊन इकडे आलेलो आणि मलाही वाटलेलं की कागद दाखवला की झालं. एफएएच्या (इकडचं डीजीसीए) ६१.७५ नियमात आपलं लायसन्स बघून ते फक्त प्रायव्हेट पायलट सर्टिफिकेट देतात, तुमच्याकडे सीपीएल असलं तरी. त्याच्यावर मग इन्स्ट्रुमेंट (नुसत्या उपकरणांवर उडवायचं रेटिंग), कमर्शियलची लेखी आणि चेकराइड (एक्झामिनरसोबत उडून द्यायची परीक्षा), आणि त्यानंतर सीएफआय अगदी पहिल्यापासून, म्हणजे एफओआय (शिकवायचं कसं) आणि एफआयए (विमानाचं ज्ञान) अशा दोन लेखी, स्पिनचं, म्हणजे गिरक्या खात पडणारं विमान सावरायचं एन्डॉर्समेंट आणि चेकराइड. तास मात्र वाया जात नाहीत बरं का. कमर्शियलला २५० लागतात, तुमच्याकडे त्याच्या दुपटीहून जास्त आहेत.

मला जड गेली ती उजव्या, म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या सीटवरची बडबड. शॅन्डेल आणि लेझी एट या हवेतल्या कसरती आपल्याकडे माझ्याकडून कोणी करून घेतलेच नव्हते, इथे ते करायचे आणि करता करता एक्झामिनरला विद्यार्थी समजून समजावतही राहायचं. त्याच्या आधी तोंडी परीक्षा, माझी सहा तास चालली. व्हाइटबोर्डवर अल्टिमीटर समजावताना मी सवयीने क्यूएनएच (अल्टिमीटरला लावायचा हवेचा दाब) म्हणालो, हेक्टोपास्कलमध्ये, तर तो नुसता बघत बसला. इथे सगळं इंचात, २९.९२ वगैरे. आणि ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणायची सवय आताच मोडायला लागा, इकडे ‘माय कंट्रोल्स’ चालतं.

गंगापूर_रोड_रिटर्न्स
लायसन्सचं नंतर बघा, आधी व्हिसाचं बघा!! एच-फोरवर शिकायला बंदी नाही, पण पगार घेऊन काम करायचं तर ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र लागतं, आणि ते साधारण नवऱ्याचं आय-१४० (ग्रीनकार्डसाठी कंपनी करते तो अर्ज) अप्रूव्ह झालेलं असेल तरच मिळतं. माझी बहीण चार वर्षं घरी बसली, एमटेक होती. मिस्टरांना आजच विचारा की ग्रीनकार्डची फाइल कुठवर आलीय. ते एल-वनवर (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) असते तर बायकोला वेगळं ईएडी न काढताही काम करता आलं असतं, पण ते आता काय बोलायचं. सीएफआय हातात आहे आणि पगार घेता येत नाही असं व्हायला नको, खर्च थोडाथोडका नाहीये.

चेतक_काका
आपल्या नाशिकच्या गांधीनगरला हेलिकॉप्टरवर क्यूएफआय, म्हणजे लष्करातला फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होतो, आता रिटायर. बेटा, परत परीक्षा द्यावी लागायला देश बदलायचीही गरज नाही. वर्दी उतरवली तेव्हा शिकवण्याचा इतका अनुभव असून सिव्हिलचं लायसन्स वेगळं काढावंच लागलं, आणि हेलिकॉप्टरवर इन्स्ट्रक्टर आहे म्हणून विमानावर शिकवता येतं असंही नाही. तेव्हा चिडलो होतो. आणि हे फक्त अमेरिकेचं नाही, कॅनडात नवा इन्स्ट्रक्टर क्लास ४, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीपासून सुरू होतो आणि सीनियरच्या देखरेखीखाली शिकवतो, ऑस्ट्रेलियात ग्रेड ३ चं तसंच. युरोपातही सुरुवातीचं एफआय (इन्स्ट्रक्टर रेटिंग) रिस्ट्रिक्टेडच असतं. तुला इथे असिस्टंट म्हणून ते काही नवीन नाही. उलट अमेरिकेत सीएफआय झालीस की पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याला सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला तूच सोडू शकतेस.

ढगातली_नाशिककर
व्हिसाचं डोक्यातच नव्हतं 😬 ह्यांना विचारलं, कंपनीने फाइल अजून सुरूच केली नाहीये. म्हणजे पगार लांबच. काका, सोलोचं वाचून बरं वाटलं. तरी परीक्षा तरी देऊन ठेवते, दुसरं करणार काय. तासांचं काही अडकत नाही ना मग?

ओझरचा_पोऱ्या
एक बघा. कमर्शियलला ३०० नॉटिकल मैलांचा लांब क्रॉसकंट्री (एका विमानतळाहून दुसऱ्यावर जायचं उड्डाण) लागतो, तीन ठिकाणी लँडिंग, आणि त्यातली एक जागा निघालेल्या विमानतळापासून सरळ रेषेत २५० मैलांवर. आपल्याकडचा ३०० चा असतो पण तो बऱ्याचदा त्रिकोणी. माझा होता धुळे, बारामती, संभाजीनगर, परत धुळे. टोटल भरली, पण बारामती धुळ्याहून सरळ १६० च्या आसपास! परत उडावं लागलं, पैसे माझे. तुमचा नकाशावर पट्टी लावून मोजा, २५० म्हणजे ४६३ किलोमीटर. जमत नसेल तर जूनच्या आत तिकडे भारतातच एक लांब मारून घ्या, स्वस्त पडेल.

आणि ६१.७५ साठी एफएए डीजीसीएला विचारून लायसन्स खरं आहे का ते बघतं, त्याला महिने लागतात. पत्र आलं की सहा महिनेच चालतं, त्यामुळे जायची तारीख बघून अर्ज टाका. इन्स्ट्रुमेंटच्या ट्रेनिंगला टीएसएची (इकडचं प्रवास सुरक्षा खातं) परवानगी लागते, तीही आधी. कॉलेजात शिकवत असाल तर एफओआयची लेखी माफ होऊ शकते, बघा लागू होतं का.

ढगातली_नाशिककर
पट्टी लावली. १८५. 🙈 चीफ इन्स्ट्रक्टरना आत्ताच मेसेज केलाय.

गंगापूर_रोड_रिटर्न्स
लॉगबुकची प्रत्येक पानाची स्कॅन करून ठेवा, आणि ओरिजिनल चेक-इन बॅगेत टाकू नका, हँडबॅगेतच.