वाचनालयाचे फलक आणि पत्रिका: दोन्हींसाठी ‘मुक्ता’ चालेल का?

धंतोलीकर:
नागपुरात धंतोलीत आमचे छोटे सार्वजनिक वाचनालय आहे. बाहेरचे व दालनांतले फलक, सभासदत्वाचा अर्ज आणि मासिक पत्रिका या साऱ्यांसाठी एकच फॉन्ट वापरावा, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. माझी पसंती ‘मुक्ता’ला आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतो, त्यामुळे मुद्रकाकडे फाइल देताना परवान्याची अडचण येत नाही, शिवाय २०० ते ८०० अशी सात वजने (म्हणजे रेषेच्या जाडीच्या पायऱ्या) त्यात आहेत. मात्र पत्रिकेचे बहुतेक वाचक साठीपुढचे असून, ‘सॅन्स-सेरिफ (सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांचे छोटे फटकारे, नसलेला फॉन्ट) शीर्षकापुरता ठीक, सलग मजकुराला नको’ असा आक्षेप एका ज्येष्ठ सदस्यांनी घेतला आहे. जाणकारांनी मत द्यावे.

बोरूबहाद्दर:
आक्षेप अगदीच निराधार नाही, पण त्याचे कारण वेगळे आहे. देवनागरीत काढून टाकायला सेरिफ मुळात नसतातच. खरा फरक रेषेच्या जाडीत असतो. तिरक्या कापलेल्या बोरूने लिहिताना एकाच अक्षरात रेषा कुठे जाड तर कुठे बारीक होते, आणि सलग वाचनात डोळ्याला त्या चढउताराचा आधार मिळतो. ‘पॉपिन्स’ या फॉन्टच्या देवनागरीत रेषा जवळजवळ एकसारखी जाड असून वळणे भौमितिक आहेत, म्हणून तो शीर्षकात देखणा दिसला तरी पानभर मजकुरात मला थकवणारा वाटतो. ‘मुक्ता’त लेखणीचे वळण बऱ्यापैकी टिकून असल्याने पत्रिकेला तो चालावा, फक्त ओळींमधले अंतर सढळ ठेवावे, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना भिडले की साठीपुढच्याच काय, कोणत्याही वाचकाची पंचाईत होते. ‘सीताबर्डी’ हा शब्द घेऊन पाहावा: शेवटच्या अक्षरावर वेलांटी आणि रफार एकाच जागेसाठी भांडतात. कथा-लेखांना चढउताराचा पारंपरिक वळणाचा फॉन्ट आणि बाकी सगळीकडे ‘मुक्ता’, अशी जोडी मी स्वतः निवडली असती. पण एकच हवा असेल तर हा वाईट नाही.

फलकवाला:
फलकांबाबत एवढेच सांगतो की ८०० वजनाचा मोह टाळावा. ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला मोठा भेद म्हणजे शिरोरेषेतली फट. अक्षर जितके ठसठशीत, तितकी ती फट अरुंद होते आणि रस्त्यापलीकडून ‘धंतोली’ची ‘घंतोली’ दिसू लागते. ‘भ’ आणि ‘म’ यांचेही तेच. ५०० किंवा ६०० वजन घ्यावे, अक्षरे मोठी ठेवावीत आणि व्हिनाइल कापण्यापूर्वी एक कागदी प्रत भिंतीवर चिकटवून लांबून पाहावी. फलकाची जागा अरुंद असेल, तर अक्षरे आडवी दाबून बसवण्याचा आपल्याकडचा रिवाज कृपया पाळू नये, कारण त्यात उभ्या रेषा बारीक होतात आणि आडव्या तशाच राहतात. त्यासाठी ‘एक टाइप’चाच २०२२ मध्ये आलेला ‘अनेक’ हा फॉन्ट पाहावा. त्यात अक्षरांची रुंदीही घडवतानाच बदलती ठेवलेली आहे.

धंतोलीकर:
दोघांचेही आभार. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे छापले जातील, अशी शंका कार्यकारिणीत निघाली आहे. त्याचे काय करावे?

बोरूबहाद्दर:
शंका रास्त आहे. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमाला प्रमाणित करताना पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ स्वीकारले. ओपनटाइप (फॉन्ट-फाइलचा आजचा प्रचलित प्रकार) फॉन्टमध्ये ही मराठी रूपे पर्यायी म्हणून ठेवण्याची सोय असते आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तरच ती पुढे येतात. भाषा ‘हिंदी’ किंवा ‘इंग्रजी’ राहिली, तर फॉन्टमध्ये रूपे असूनही ती दिसणार नाहीत. त्यामुळे मुद्रकाला मांडणीच्या फाइलमध्ये भाषा बदलायला सांगावे आणि ‘वऱ्हाडातील शाळा’ एवढी ओळ छापून घ्यावी. त्यात ‘ल’, ‘श’ आणि अर्धचंद्री ‘ऱ्’ तिन्ही एकदम तपासले जातात.