ट्रकचा आरपीएमचा काटा हजाराच्या खाली ठेवला की डिझेल वाचतं? मला अजिबात मान्य नाही

भरलीगाडी: 'चढ असो वा सपाट, आरपीएम हजाराखाली ठेवा, ॲव्हरेज वाढतंच' ही आरपीएमबद्दलची (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पोस्ट वाचून राहवलं नाही. भरली गाडी चढावर टॉप गिअरमध्ये रेटली की एक्सलेटर तळाला जातो, टर्बो पुरेशी हवा देत नाही, इंजिन धडधडतं. डिझेल जातंच, शिवाय क्लच आणि चाकांकडे जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला हादरे बसतात. मोठ्या इंजिनाचा जोर साधारण 1100 ते 1500 मध्ये असतो. काटा तिथेच ठेवा, त्यासाठी गिअर खाली घ्या.

टॉपगिअर: ती पोस्ट माझीच. तुम्ही जुन्या गाडीचा हिशोब नव्या गाडीला लावताय. नव्यांत डिफरन्शियलचा (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरचा) रेशोच असा ठेवतात, की हायवेवर इंजिन 1100 च्या आसपास निवांत चालतं. फेरे कमी, घर्षण कमी.

भरलीगाडी: 1100 ना? तुम्ही हजाराखाली लिहिलंय, तेही चढावर!

रात्रपाळी: काट्यावरून कसले भांडताय? वेग बघा. 80 वरून 90 वर गेलात की हवेचा विरोध चौथाईहून जास्त वाढतो. मालक आधी 'लवकर पोच' म्हणून फोनवर फोन करतो आणि नंतर डिझेलचा जाब आपल्यालाच विचारतो.

टॉपगिअर: आणि उतारावर न्यूट्रल केलं की फुकटात अंतर कापलं जातं, तेही सांगा.

उतारसांभाळ: दादा, हे लिहू नका, हात जोडतो! गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सलेटरवरून पाय काढला की डिझेल बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर पीतच राहतं. माझ्या मेव्हण्याने असंच गाडी सोडली होती. ब्रेक तापले, पॅडल दाबूनही गाडी आवरेना. बाजूला मातीचा ढिगारा होता म्हणून वाचला. तेव्हापासून त्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

टॉपगिअर: भीती घालू नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ट्रक इको-रोलमध्ये स्वतःच न्यूट्रल करतात. कंपन्या काय वेड्या आहेत?

उतारसांभाळ: ते हलक्या उतारावर, जिथे गिअरमध्ये गाडी उगाच अडते. वेग वाढला की गाडी स्वतः गिअर टाकते. भरल्या गाडीचा गिअर एकदा सुटला आणि वेग चढला, की हाताने परत पडत नाही. मग इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा एक्झॉस्ट ब्रेकही कामाचा नाही.

टॉपगिअर: बरं, तीव्र उतारावर नको, एवढं मानतो. सपाटीवर मात्र माझंच खरं.

भरलीगाडी: सपाटीचं कुणी नाकारलंय? चढाबद्दल बोला.