राइडचं रिझर्वेशन: रांग खरंच कमी झाली की नुसती मोबाइलमध्ये गेली?

भाट्येकर (रत्नागिरी):
भावाचं कुटुंब मे महिन्यात फ्लोरिडाला डिस्नीला जातंय आणि आमच्या घरच्या ग्रुपवर फिरण्याबद्दल कोणी बोलतच नाही, कुठली राइड कधी बुक करायची एवढंच चाललंय. १९९९ ला डिस्नीने लांब रांग टाळायचा फास्टपास काढला तेव्हा तो फुकट होता. राइडजवळच्या मशीनमध्ये पार्कचं तिकीट घालायचं, चिठ्ठी यायची की अमुक ते अमुक या तासाभरात परत या. म्हणजे घरातल्या सगळ्यांची तिकिटं एका चपळ पोराकडे द्यायची आणि त्याला पळवायचं, झाली स्ट्रॅटेजी! मग फास्टपास प्लस आलं, त्यांच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ६० दिवस आधी आणि बाकीच्यांना ३० दिवस आधी तीन राइड्स. २०२१ ला जिनी प्लस आणि तेव्हापासून पैसे, सुरुवातीला फ्लोरिडात माणशी दिवसाला १५ डॉलर. जुलै २०२४ पासून त्याचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास, भाव तारखेप्रमाणे बदलतो, हॉटेलवाले ७ दिवस आधी बुक करणार, इतर ३ दिवस आधी. माझं म्हणणं एवढंच की हे आपल्या तत्काळसारखं आहे. तत्काळने गाडीला एक तरी डबा वाढतो काय? सीटा तेवढ्याच, फक्त कोणाला मिळणार ते बदलतं.

देवगडची_पोर:
नाही पटलं. तत्काळला शिव्या सगळेच घालतात पण गणपतीला ऐनवेळी गावी पोचायला तेच लागतं ना. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना घेऊन उन्हात दीड तास उभं राहायचं? आधी वेळ ठरलेली असेल तर त्या सावलीत बसतील, काहीतरी खातील, वेळ झाली की जाऊ. पूर्वी गेट उघडायच्या आधी जाऊन उभं राहायचं आणि उघडलं की मोठ्या राइडकडे धाव, ह्यात म्हातारी माणसं आणि लहान पोरं असलेल्यांचा निकाल आधीच लागलेला असायचा. तुमचा चपळ पोरगा सगळ्यांच्या घरात नसतो हो.

चिपळूणकर_सात:
दोघांनी जरा हिशोब करा. समजा राइड तासाला १००० माणसं घेते. साध्या रांगेत तुमच्या पुढे ६०० जण आहेत, तर ३६ मिनिटांत नंबर लागला पाहिजे. आता त्यातल्या ७०० जागा रिझर्वेशनवाल्यांना दिल्या तर साध्या रांगेला तासाला ३०० च उरल्या, तेच ६०० जण संपायला दोन तास. आकडे मी धरलेले आहेत पण गणित हेच. म्हणून साधी रांग जिथे रिझर्वेशनवाल्यांच्या रांगेला मिळते तिथे कर्मचारी तुम्हाला अडवून पलीकडून माणसं सोडत राहतो, तेव्हा फार डोकं फिरतं.

देवगडची_पोर:
अहो पण ते ७०० जण रिझर्वेशन नसतं तर घरी बसले असते का? तुमच्याच पुढे रांगेत उभे असते की!

चिपळूणकर_सात:
असते, पण एका वेळी एकाच रांगेत. आता ह्या राइडचा नंबर फोनमध्ये लावलाय आणि माणूस प्रत्यक्षात बाजूच्या बारक्या राइडच्या रांगेत उभा आहे. एक माणूस दोन ठिकाणी जागा अडवतो. म्हणून ज्या राइडला कधी गर्दी नसायची तिथेही रांगा लागतात. सासूबाई सावलीत बसतील हे मान्य, पण बाकीचे बसत नाहीत.

मालवणी_गजाल:
पैशे मोजून दुसऱ्याच्या फुडे घुसूचा आणि तेका सिस्टीम म्हणायचा, ह्या माका काय पटणा नाय. फुकट होता तेव्हा निदान धावणाऱ्याक तरी मिळायचा.

अलिबागहून:
सगळ्या पार्कांना एकच माप लावू नका. डिस्नीसारखीच पार्कं असलेल्या युनिव्हर्सलचा एक्स्प्रेस पास पैशाचाच, बराच महाग, पण त्याला सहसा वेळ बुक करावी लागत नाही, राइडपाशी गेलं की एक्स्प्रेसच्या रांगेत शिरायचं, म्हणजे फोनमध्ये डोकं घालायला नको. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत तर त्यांच्या वरच्या दर्जाच्या तीन हॉटेलांपैकी एकात राहिलं की दोन जुन्या पार्कांचा अनलिमिटेड एक्स्प्रेस राहण्यातच येतो. चार-पाच माणसं असली की एक रात्र तिथे काढायची आणि येण्याचा नि जाण्याचा असे दोन्ही दिवस पास वापरायचा, हे लोक करतात आणि हिशोबात बसतं. आपल्या खोपोलीच्या इमॅजिकाला मात्र परीक्षेच्या दिवसात मंगळवार-बुधवारी गेलात तर जादा पैसे कशाला घालायचे. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर मग मला विचारू नका.

देवगडची_पोर:
बघा, म्हणजे प्लॅनिंग लागतंच! रिझर्वेशन नसतं तरी तुम्ही मंगळवार शोधलाच असता.

भाट्येकर (रत्नागिरी):
मंगळवार शोधायला फोन लागत नाही ओ. आणि मंगळवार सगळ्यांना सारखाच, त्याला डॉलर पडत नाहीत. बरं फुकटातही तेच होतं म्हणा, डिसेंबर २०१९ ला डिस्नीत स्टार वॉर्सची ती राइज ऑफ द रेझिस्टन्स राइड सुरू झाली तिला साधी रांगच नव्हती, सकाळी ॲपवर नंबर लावायचा, पैसे शून्य, आणि नंबर बघता बघता संपायचे. म्हणजे पैसे नसले तर ज्याचं नेट फास्ट तो जिंकला. आमच्याकडे पावसात रेंज गेली की संपलं.

चिपळूणकर_सात:
एवढं बोलून झाल्यावर भावाला सांगा की मल्टी पास घ्यायचाच असेल तर बुकिंग फ्लोरिडाच्या सकाळी ७ ला उघडतं, उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेचार, तेव्हा इथूनही करता येईल. तीन राइड आधी निवडता येतात पण बहुतेक पार्कांत मोठ्या राइडच्या गटातली एकच मिळते. दुसरी मोठी राइड अगदी सकाळी नाहीतर पार्क बंद व्हायच्या जरा आधी साध्या रांगेत शिरून करायची, बंद व्हायच्या आत रांगेत असलात की सहसा बसायला देतात. आणि पोरांची उंची घरी मोजा आधी, नाहीतर बुक केलेली राइड गेटवरूनच परत.

मालवणी_गजाल:
मगे पास घेतल्यानी तरी शेवटाक रांगेतच उभो रवतलो ना!

देवगडची_पोर:
हो, पण एकाच.