दसऱ्याच्या तोंडावर नर्सरीतनं काय घ्यावं? टिळकवाडीची गच्ची आणि निपाणीचं परस

गच्चीवाले, टिळकवाडी

नमस्कार मंडळी. हस्त नक्षत्र संपत आलंय आणि नर्सरीत सीझनल फुलांच्या पिशव्यांच्या रांगा लागल्यात. लावायला दोन जागा आहेत. बेळगावात टिळकवाडीत गच्चीवर १० इंची १५ कुंड्या, माती तांबडी, ऊन सकाळी ८ ते दुपारी ३. निपाणीत घरामागं २० बाय १५ फुटांचं परस, माती काळी, पाणी बोअरचं. तिथं आठवड्यातनं दोनदाच जाणं होतं.

फुलांनी भरलेला झेंडू नाहीतर पिटुनिया आणून कुंडीत लावला की आठ-दहा दिवसांत मान टाकतो. बोट घालून बघावं तर माती ओलीच असते. मग का? पँझी आत्ता घ्यावी का? शेवंती कळीवरची की फुललेली? परसात फ्लॉवर, नवलकोल आणि थोडे टोमॅटो लावायचेत. निपाणीत सगळे सांगतात की तंबाखूची भुकटी मातीत मिसळा, कीड येत नाही. मिसळू का?

कुंडीतली माती

गच्चीवाले, तुमचं बोट कुंडीच्या मातीत जातंय, रोपाच्या गोळ्यात जात नाही. घोळ तिथंच आहे.

लांबून ट्रकमधनं येणारी रोपं चिकण मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात, वाटेत गोळा फुटू नये म्हणून. तो एकदा वाळला की विटेसारखा होतो. भोवतालची तुमची माती भुसभुशीत, त्यामुळं वरनं घातलेलं पाणी गोळ्याला वळसा घालून खालच्या भोकातनं निघून जातं. बाजूला ओल, आत ठणठणीत कोरडं. मग आपण घाबरून दिवसातनं दोनदा पाणी घालतो, त्याच गोळ्याचा चिखल होतो आणि बुंधा मातीलगत काळा पडून कुजतो. दोन्हीत रोप मान टाकतं, पण फरक ओळखता येतो. संध्याकाळी पुन्हा ताठ होत असेल तर तहान आहे. सकाळीही लोंबलेलंच असेल तर उपटून मुळं बघा. तपकिरी होऊन त्यांची साल बोटात निसटून आली तर मूळकूज, ते रोप गेलंच.

घरी आणल्यावर दोन दिवस पिशवी तशीच ठेवा, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा ठिकाणी. लावायचं ते संध्याकाळी. आधी पिशवीसकट बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १० ते १५ मिनिटं. मग पिशवी ब्लेडनं उभी चिरा. बुंधा धरून ओढलात तर बारीक मुळं पिशवीतच राहतात. गोळ्याच्या बाहेरची अर्ध्या बोटाएवढी माती खरवडून काढा, तळाशी वेटोळं झालेली मुळं कात्रीनं कापा आणि पिशवीत होतं तेवढ्याच खोलीवर लावा. शेवटचं काम जिवावर येतं, तरी करा: उमललेली सगळी फुलं खुडा. अर्धी मुळं तुटलेल्या रोपावर फुलांचा भार ठेवला तर ते नवीन मुळं कशाच्या जोरावर काढणार?

मिश्रण: दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट, आणि कुंडीमागं मूठभर निंबोळी पेंड. नुसत्या तांबड्या मातीवर चार पाणी पडली की वर पापडी धरते. १० इंची कुंडीत मोठा झेंडू एक, बुटका तीन, पिटुनिया दोन, पँझी चार. लावल्यावर १५ दिवस रासायनिक खत नको. नंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विरघळणारं खत) लिटरला २ ग्रॅम, दर दहा दिवसांनी.

नर्सरीत सगळ्यात जास्त फुललेली पिशवी आपण आधी उचलतो, आणि तीच नेमकी सगळ्यात म्हातारी असते. वीतभर उंचीचं, चार-पाच फांद्यांचं, एखाद-दुसरी कळी रंग दाखवतेय असं रोप बघा. पान उलटं करून पांढरी माशी तपासा. पिशवीतनं मुळं बाहेर येऊन जमिनीत गेली असतील तर ते रोप तिथंच बरं.

शहापूरची बाग

गोळ्याबद्दल वर लिहिलंय ते सोळा आणे. मी फक्त वेळेचं सांगते.

पँझी आत्ता नको. हस्तानंतरचं चित्रा नक्षत्र म्हणजे १० ते २३ ऑक्टोबर. पाऊस उघडला की या दिवसांत दुपार चांगलीच तापते, मग पँझी बारीक काडीसारखी वाढते आणि फूल रुपयाएवढं येतं. स्वाती लागल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी रात्री गार व्हायला लागतात, तेव्हा घ्या. बेळगावची थंडी तिला मानवते. फ्लॉक्स, डायँथस, साल्विया आत्ता चालतील, परतीचा पाऊस झोडपायला लागला तर कुंड्या आडोशाला सरकवायच्या.

शेवंती कळीवरचीच घ्या. कळ्या मटारच्या दाण्याएवढ्या आणि त्यातल्या तीन-चार रंग दाखवणाऱ्या. अगदी बारीक हिरव्या कळ्या जागा बदलली की कधीकधी वाळतात. रात्र मोठी व्हायला लागली की शेवंती कळ्या धरते. म्हणून गच्चीवर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल तर पुढच्या वर्षी पानं भरपूर येतील, फूल नाही. पॉइनसेटियाचंही तेच: डिसेंबरात लाल व्हायला हवी ती हिरवीच राहते आणि शिव्या खतवाल्याला बसतात. फुलं संपली की शेवंती चार-पाच इंचांवर छाटून ठेवा, टाकू नका. मातीतनं येणारे फुटवे म्हणजे पुढच्या वर्षाची फुकट रोपं.

मोठा झेंडू मात्र आत्ता लावलात तर दसरा-दिवाळीला नाही, डिसेंबर-जानेवारीत फुलेल. दसऱ्याच्या फुलासाठी रोप जुलैअखेरीस जमिनीत असावं लागतं.

काळवट

निपाणीचं मी सांगतो. तंबाखूची भुकटी टोमॅटोच्या आसपास सुद्धा नेऊ नका. तंबाखूच्या पानाला मोझॅकचा विषाणू असेल तर तो पान वाळलं, कुटलं तरी मरत नाही. मातीतनं आणि हातांनी टोमॅटो, मिरची, ढोबळी, पिटुनियाला लागतो. पानं चितकबरी होतात, आकसतात. औषध नाही, उपटून जाळायचं. तंबाखू मळून त्याच हातानं रोप लावणाऱ्यांनाही हेच लागू. आधी साबणानं हात धुवा. किडीला निंबोळी अर्क पुरे: ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची आणि संध्याकाळी फवारायची.

आता परस. काळ्या मातीत वाफसा (खणण्याजोगी बेताची ओल) आल्याशिवाय कुदळ घालायची नाही. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरनं टाका. फुटला तर काम चालू, चपटा होऊन पडला तर दोन दिवस थांबा. ओली खणली तर अशी ढेकळं होतात की उन्हाळ्यापर्यंत फुटत नाहीत.

तीन फुटी चार गादीवाफे आणि मध्ये फुटाच्या तीन वाटा, १५ फूट बरोबर बसतात. वाफा सहा इंच उंच. एका वाफ्याला शेणखत १५ किलो, निंबोळी पेंड १ किलो. फ्लॉवर दीड-दीड फुटावर, दोन ओळी, म्हणजे वाफ्यात साधारण २६ रोपं. नवलकोल २५ सेंटिमीटरवर. टोमॅटो वाफ्यात एकच ओळ, दीड फुटावर, काठीचा आधार लावतानाच द्या.

फ्लॉवरची रोपं प्रोट्रेतली (खाचांच्या प्लास्टिक ट्रेमधली), २१ ते २५ दिवसांचीच घ्या. महिना उलटलेली, पिवळट, दांडी कडक झालेली रोपं स्वस्त मिळतात आणि गड्डा लिंबाएवढा येऊन थांबतो. कुठल्या हंगामाचं वाण आहे तेही विचारा, लवकरचं वाण थंडीत लावलं तरी असाच बटणाएवढा गड्डा. गड्डा तपकिरी आणि दांडा आतनं पोकळ निघाला तर बोरॉन कमी. वाफ्याला ५-६ ग्रॅम बोरॅक्स वाळूत मिसळून लावणीआधी पसरायचं. जास्त टाकलं तर पानांच्या कडा जळतात, तेव्हा चमचाच घ्या, मूठ नको.

आठवड्यातनं दोनच पाणी, तर उसाचं पाचट दोन-तीन इंच अंथरा. निपाणीत पाचटाला तोटा नाही. फक्त बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा.

गच्चीवाले, टिळकवाडी

आभार, सगळ्यांचेच. एका ओळखीच्यांनी सांगितलं की दोन्हीकडं मातीत चुना घाला, सगळं सुधारतं. घालू?

काळवट

निपाणीच्या मातीत अजिबात नाही! तिच्यात चुनखडी आधीच भरपूर. अजून घातलात तर शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, लोह असूनही मुळांना उचलता येत नाही.

कुंडीतली माती

आणि टिळकवाडीतही सरसकट नाही. जास्त पावसाच्या पट्ट्यातली तांबडी माती आंबट असते. तिच्यात झेंडूला लोह आणि मँगनीज गरजेपेक्षा जास्त मिळतं, खालच्या पानांवर पितळी ठिपके पडून कडा करपतात. रोग समजून लोक बुरशीनाशक मारत बसतात. झेंडूच्या कुंडीला एक चहाचा चमचा विरलेला चुना, लावणीआधी दोन आठवडे. शेणखताबरोबर एकाच दिवशी नको, खतातलं नत्र वास होऊन उडून जातं. पिटुनियाला उलट आंबट मातीच आवडते, तिला चुना दिलात तर तीच पिवळी पडेल.

म्हणून माझं मत विचाराल तर झेंडू निपाणीला न्या आणि पिटुनिया टिळकवाडीत ठेवा. सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर माती एवढी बदलते, तर एकाच नर्सरीतनं आणलेली एकाच जातीची डझनभर रोपं दोन्हीकडं का लावायची? माती तपासूनच घ्यायची असेल तर रयत संपर्क केंद्रात (कर्नाटक कृषी खात्याच्या) नमुना कसा द्यायचा ते विचारा.

शहापूरची बाग

नर्सरीत कन्नड पाट्या असल्या तर: चेंडू हूव म्हणजे झेंडू, सेवंतिगे शेवंती, केंपु मण्णु तांबडी माती. गोब्बर मागितलंत तर शेणखत पुढ्यात येईल. ते हातात घेऊन बघा, गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर अजून कुजलेलं नाही.

गच्चीवाले, टिळकवाडी

शेवटचं एक. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू वाळवून त्याचं बी लावलं तर येतं?

शहापूरची बाग

येतं, पण सगळं नाही. बाजारातलं बरंचसं फूल संकरित असतं. रोप उगवलं तरी फूल आईसारखंच येईल असं नाही, एकेरी पाकळीचं बारीक फूलही निघतं. शिवाय तोरणासाठी फूल बी भरण्याआधीच तोडलेलं असतं. देठाकडचा हिरवा पेला फाडून आतल्या काड्या चिमटीत धरा. खालचं टोक काळं आणि टणक लागलं तर पेरा. पांढुरकं, चेपलं जाणारं असेल तर आत बी भरलेलंच नाही, कंपोस्टच्या डब्यात टाका.