मदत हवी आहे: अमेरिकेहून आलेल्या एचडी डिस्क ब्लू-रे प्लेयरवर लागत नाहीत

तळजाई:
न्यू जर्सीहून मामांच्या घरचा डिस्कचा खोका आला आहे. सगळ्या एचडी आहेत. ब्लू-रे प्लेयरमध्ये घातल्या की थोडा वेळ गरगरतं आणि मग 'डिस्क वाचता येत नाही' असं येतं. एकही लागत नाही. प्लेयर ठणठणीत आहे, बाकीच्या ब्लू-रे नीट लागतात. लेन्स क्लीनर फिरवून झालाय, तो सुचवू नका. रविवारी कार्यक्रम आहे, त्याआधी काम व्हायला हवं. पुण्यात कोणी करून देणारं असेल तर तेही सांगा.

हडपसरकर:
रिजन कोड, म्हणजे डिस्क कुठल्या देशात चालेल याचं बंधन. अमेरिका ए, भारत सी. प्लेयर रिजन-फ्री करून घ्या, काम झालं.

बोरीबंदर:
रिजन अडला असता तर प्लेयरने तसं सांगितलं असतं. इथे डिस्क वाचलीच जात नाहीये. तळजाई, डिस्कचे डबे निळे आहेत की लाल? आणि प्लेयर कुठला?

मंजिरी_के:
टीव्हीच्या चित्राची पद्धत अमेरिकेत एनटीएससी आणि आपल्याकडे पाल असते ना? दिरांनी पाठवलेल्या कॅसेटी आमच्याकडे काळ्या-पांढऱ्या दिसायच्या. कन्व्हर्टर मिळतो का बघा.

तळजाई:
डबे लाल आहेत. रंगाचा काय संबंध? प्लेयर चार-पाच वर्षांपूर्वीचा आहे. चित्र काळं-पांढरं दिसत नाहीये, चित्र येतच नाहीये.

बोरीबंदर:
संबंध आहे. लाल डबे म्हणजे एचडी डीव्हीडी. तोशिबा आणि एनईसीचा, ब्लू-रेशी स्पर्धा करणारा फॉरमॅट, २००६ ला बाजारात आला. ब्लू-रे सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स वगैरेंचा. लेझर दोन्हीकडे तोच, ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा. पण एचडी डीव्हीडीत माहितीचा थर साध्या डीव्हीडीसारखा ०.६ मिमी खोल असतो, ब्लू-रेत फक्त ०.१ मिमी. भिंगंही वेगळी. त्यामुळे तुमच्या प्लेयरला ती डिस्क कधीच दिसणार नाही. रिजन-फ्री करून उपयोग नाही, कारण एचडी डीव्हीडीला रिजन कोडच नव्हता.

बे_एरियातून:
आणि तीच तिची सगळ्यात चांगली गोष्ट होती. आम्ही तिकडची डिस्क इकडे, इकडची तिकडे बिनधास्त लावायचो. प्रत्येक प्लेयरला नेटवर्कचं पोर्ट सक्तीचं होतं, मेनू पहिल्या दिवसापासून पूर्ण चालायचे. ब्लू-रेचे पहिले प्लेयर घेणाऱ्यांना नंतर आलेल्या प्रोफाइलच्या, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या, सोयी मिळाल्याच नाहीत. नोव्हेंबर २००७ मध्ये वॉलमार्टने तोशिबाचा एचडी-ए२ प्लेयर ९८ डॉलरला काढला होता. ग्राहकाचा विचार त्या बाजूने जास्त झाला होता, हे मी आजही ठामपणे म्हणतो.

दादर_टीटी:
ग्राहकाचा विचार म्हणजे स्वस्त प्लेयर एवढंच का? एचडी डीव्हीडी एका थरात १५ जीबी, दोन थरांत ३० जीबी. ब्लू-रे २५ आणि ५०. लांबलचक सिनेमा, वर न दाबलेला (अनकम्प्रेस्ड) आवाज, हे ३० मध्ये कोंबताना कुठेतरी काटछाट होतेच. एचडी-ए२ तर १०८०आयच्या, म्हणजे एकाआड एक रेघांच्या चित्राच्या, पुढे जात नव्हता. मी सोनीचा पीएस३ गेम कन्सोल घेतला तो गेमसाठी नाही, ब्लू-रेसाठी, आणि तो अजून घरात चालतोय.

बे_एरियातून:
जागा जास्त म्हणजे चित्र चांगलं असं नसतं. सुरुवातीच्या कित्येक ब्लू-रे एमपीईजी-२ या चित्र दाबण्याच्या जुन्या पद्धतीत २५ जीबीवर भरलेल्या होत्या आणि दाणेदार दिसायच्या. त्याच काळातल्या एचडी डीव्हीडी व्हीसी-१ या नव्या पद्धतीमुळे स्वच्छ दिसायच्या. लढाई चित्रावर हरलो नाही. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर स्टुडिओने आपण फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. तंत्राचा निकाल सहा-सात आठवड्यांत लागत नाही, स्टुडिओंचा लागतो.

हडपसरकर:
मग त्यांनी एचडी डीव्हीडीचा प्लेयर मागवावा. विषय संपला.

बोरीबंदर:
अमेरिकेतला जुना प्लेयर १२० व्होल्टचा, सोबत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. रविवारपर्यंत होणार नाही. त्यापेक्षा एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलसाठी निघालेला एचडी डीव्हीडी ड्राइव्ह कोणाकडे असेल तर बघा, तो यूएसबीने संगणकाला लागतो. एलजीचा जीजीसी-एच२०एल हा संगणकाचा ड्राइव्हही ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी दोन्ही वाचायचा.

वकील_नगरी:
सिनेमाची डिस्क संगणकात घालून तिचं कॉपीविरोधी कुलूप तोडायचा सल्ला देताना जपून. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात अशी कुलपं तोडण्याविरुद्ध कलम ६५ए आहे.

दादर_टीटी:
कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूने केलेल्या कृत्यासाठी आहे. स्वतः विकत घेतलेली डिस्क घरात बघणं त्यात कसं बसतं?

वकील_नगरी:
त्यावर वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन.

पोटमाळा:
आपल्याकडे हे युद्ध जाणवलंच नाही, कारण तेव्हा मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात मराठी सिनेमे ढिगाने मिळायचे. पाचशे-हजाराची ब्लू-रे कोण घेणार होतं?

रॉ_फाईल:
तळजाई, नेमकं काय बघायचंय? रविवारच्या कार्यक्रमात लाल डब्यातला हॉलिवूडपट लावणार आहात असं वाटत नाही.

तळजाई:
सिनेमे नकोच आहेत! आईची पंचाहत्तरी आहे. २००७ मध्ये सांगलीला आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, त्याचं शूटिंग मामांनी केलं होतं. त्या पाच डिस्क साध्या पारदर्शक डब्यांत आहेत. वर मार्करने 'सहस्रचंद्र एचडी' आणि भाग १ ते ५ लिहिलंय. त्याच लागत नाहीत. लाल डबे खोक्यात सोबत आले.

हडपसरकर:
मामांनाच फोन करा ना, कशावर बनवल्या ते सांगतील.

तळजाई:
मामा गेल्या वर्षी गेले. मामींना यातलं काही माहीत नाही. टेपा त्यांनी घर बदलताना टाकून दिल्या. म्हणून तर इथे विचारतेय.

रॉ_फाईल:
वाईट वाटलं. डिस्कच्या लेबलवर छापील अक्षरांत काय लिहिलंय? मार्करचं नाही, कंपनीचं.

तळजाई:
डीव्हीडी-आर, ४.७ जीबी, १६एक्स.

रॉ_फाईल:
मग काम होण्यासारखं आहे. डिस्क साधी आहे, आतली मांडणी एचडी डीव्हीडीची असणार. एचडी डीव्हीडीचा बर्नर तेव्हा घरात कोणाकडेच नसायचा. म्हणून यूलीड मूव्हीफॅक्टरीसारखी सॉफ्टवेअर एचडी चित्र त्या मांडणीत साध्या डीव्हीडी-आरवर लिहायची. तोशिबाचा प्लेयर ती वाजवायचा, ब्लू-रे प्लेयरला मांडणीच कळत नाही. मामांचा कॅमेरा एचडीव्हीचा, म्हणजे टेपवर एचडी चित्र घेणारा, असेल तर चित्र सेकंदाला २५ मेगाबिटचं, म्हणजे एका डिस्कवर जेमतेम पंचवीस मिनिटं. पाच भाग त्यामुळेच झाले असावेत.

विंडोज १० किंवा ११ च्या संगणकाला कुठलाही डीव्हीडी ड्राइव्ह लावा. एक्सपी नको, त्याला या डिस्कवरची फाइल-मांडणी (यूडीएफ २.५) कळत नाही. 'एचव्हीडीव्हीडी_टीएस' नावाचा फोल्डर दिसला तर तेच. आतल्या .ईव्हीओ फाइल आधी हार्ड डिस्कवर कॉपी करा, डिस्कवरून थेट वाजवत बसू नका. मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयर सॉफ्टवेअरमध्ये उघडा. घरी बनवलेल्या डिस्कला कुलूप नसतं, त्यामुळे कायद्याची काळजी सोडा.

मंजिरी_के:
त्यात रंग नीट येतील ना? आमच्या कॅसेटींचं तसं झालं होतं म्हणून विचारते.

तळजाई:
ऑफिसमधून यूएसबी ड्राइव्ह आणला. फोल्डर आहे! भाग १, २, ३, ५ कॉपी झाले, व्हीएलसीत लागतात. आजोबांना ओवाळताना तबकातले दिवे मोजता येतील इतकं स्वच्छ दिसतंय, आणि मागे आईचा आवाज ऐकू येतोय, 'अक्षता इकडे द्या' म्हणून. पण माणसं हलली की कडांना आडव्या रेघा येतात. भाग ४ निम्म्यावर अडकतो, आणि नेमकी आजोबांची तुला त्यातच आहे. टीव्हीवर पेनड्राइव्हने लावायचंय, टीव्ही फाइल दाखवत नाही.

रॉ_फाईल:
रेघा इंटरलेसच्या, म्हणजे एकाआड एक रेघांनी चित्र रंगवण्याच्या; व्हीएलसीत डीइंटरलेस चालू करा. टीव्हीसाठी एका फाइलची प्रत काढून शेवटचं .ईव्हीओ बदलून .एमपीजी करा, बहुतेक टीव्ही तेवढ्यावर ऐकतात. नाहीतर हँडब्रेक या सॉफ्टवेअरने एमपी४ करा. मूळ फाइल मात्र पुसू नका.

भाग ४ पुन्हा पुन्हा कॉपी करत राहू नका. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. मग दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह घेऊन डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने वाचा, वाचता येतं ते आधी घेऊन खराब जागांवर नंतर परत येतं. रेकॉर्डिंगचा रंगद्रव्याचा थर जुना झालेल्या डिस्क एका ड्राइव्हवर अडतात आणि दुसऱ्यावर चालतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

बोरीबंदर:
माझ्याकडे जुना डेस्कटॉप ड्राइव्ह आहे, रेकॉर्डेबल डिस्क वाचायला उत्तम. सहकारनगरला राहतो. शनिवारी सकाळी डिस्क घेऊन या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो पत्ता.

तळजाई:
नक्की येते. व्यनि बघितला.

पोटमाळा:
माझ्याकडे २००३ च्या लग्नाच्या व्हीसीडी आहेत, त्या नवीन टीव्हीवर कशा लावायच्या?